फ्री जॅझची जुनी रेकॉर्ड पुन्हा काढायची तर: छोट्या लेबलसाठी कामाचा क्रम

साठ-सत्तरच्या दशकांतलं फ्री जॅझ, म्हणजे ठरलेल्या चौकटीबाहेर मोकळेपणाने वाजवलेलं जॅझ, जगवलं ते मुख्यतः लहान लेबलांनी, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी. न्यूयॉर्कचं ईएसपी-डिस्क, शिकागोची डेलमार्क आणि नेसा, ॲमस्टरडॅमचं आयसीपी, बर्लिनचं एफएमपी, लंडनचं इन्कस, सन रा आणि आल्टन अब्राहम यांचं सॅटर्न. पहिली आवृत्ती कित्येकदा दोन-तीनशे प्रतींची असे. जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉत्समानने १९६८ मध्ये ‘मशीन गन’ स्वतःच काढली, ती ३०० प्रतींची. मोठ्या कंपनीला पाचशे प्रतींच्या धंद्यात रस नसतो, त्यामुळे या रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणण्याचं काम आजही लहान लेबलांकडेच येतं.

नवखा माणूस बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. आधी कव्हर स्कॅन करतो, प्रेसिंगचे, म्हणजे कारखान्यात रेकॉर्ड दाबून काढण्याचे, दर मागवतो आणि हक्क कोणाकडे आहेत हे सगळ्यात शेवटी शोधायला लागतो. आधी हक्क, मग टेप, मग आवाज, आणि त्यानंतर छपाई व प्रेसिंग, असा क्रम ठेवा. पहिल्या दोन गोष्टी पक्क्या होईपर्यंत कारखान्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

१. मालक शोधा

कव्हरवर ज्या लेबलचं नाव तेच मालक, असं धरून चालू नका. एका एलपीत निदान चार वेगळे हक्क असतात: ध्वनिमुद्रणाचा म्हणजे मास्टरचा, रचनेचा, कव्हरवरच्या फोटोचा किंवा चित्राचा आणि मागच्या मजकुराचा. हे चारही वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात.

चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली कॉवेल यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या स्ट्रॅटा-ईस्टवर मास्टरची मालकी वादकाकडेच राहत असे. तिथली रेकॉर्ड हवी असेल तर नुसतं लेबलशी बोलून भागत नाही. त्या वादकापर्यंत किंवा त्याच्या वारसांपर्यंत पोहोचावं लागतं. लंडनमध्ये तिढा वेगळा. मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा याच्या १९६९ च्या एलपींवर ईएमआयच्या कोलंबियाची मोहर आहे, पण त्यांचा निर्माता डेनिस प्रेस्टन स्वतंत्रपणे काम करणारा होता. असे निर्माते टेप स्वतःच्या खर्चाने करून कंपनीला वापरायला देत. मूळ करार हाती आल्याशिवाय अशा रेकॉर्डचा खरा मालक कळत नाही.

शोधाची सुरुवात रेकॉर्डपासूनच करा. जितक्या आवृत्त्या निघाल्या असतील तितक्यांच्या लेबलांचे आणि मागच्या बाजूंचे फोटो जमवा. वर्तुळातल्या पी अक्षरापुढचं नाव आणि साल, प्रकाशक कंपनीचं नाव, ‘टेप अमुककडून’ अशी बारीक अक्षरांतली ओळ, खाचांच्या आतल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, हे सगळं टिपून घ्या. मग अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाची यादी तपासा. रचनांसाठी बीएमआय आणि ॲस्कॅप या अमेरिकी रचनाकार संस्थांच्या याद्या ऑनलाइन खुल्या आहेत.

मालक सापडला की कागद मागा. लेबल तीनदा विकलं गेलं असेल तर तिन्ही विक्रीचे दस्त जुळायला हवेत. मधला एक नसेल तर तुमचा परवाना पोकळ ठरतो. वादक हयात नसेल तर वारसांपैकी सही करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याचा न्यायालयाचा किंवा वकिलाचा कागद घ्या. थोरल्या मुलाने होकार दिला आणि धाकटीने प्रेसिंग झाल्यावर नोटीस पाठवली, असं या क्षेत्रात नेहमी होतं.

टेप घरात असणं आणि हक्क असणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. संग्राहकाने मैफलीत ध्वनिमुद्रित केलेली टेप, ध्वनिमुद्रकाच्या माळ्यावर सापडलेलं रीळ, १९७८ पासून मुंबईत भरलेल्या जॅझ यात्रेची कुणाकडे असलेली खासगी कॅसेट, सगळ्यांना हेच लागू. टेप देणाऱ्याला टेपचे पैसे द्या. प्रसिद्ध करण्याची परवानगी वाजवणाऱ्यांकडूनच घ्या, आणि तीही प्रत्येकाकडून. रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणात तिसरा पक्ष येतो. फ्रान्सच्या जुन्या सरकारी नभोवाणीची टेप आयएनए या संस्थेकडे आहे. तिचा परवाना मिळाला तरी वादकांची संमती वेगळी लागते.

२. मुदतींचं गणित

अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने जुनी ध्वनिमुद्रणं केंद्रीय संरक्षणाखाली आली. १९४७ ते १९५६ दरम्यान प्रकाशित झालेल्यांना ११० वर्षं, आणि १९५७ पासून १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीपर्यंतच्या सगळ्यांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत. थोडक्यात, फ्री जॅझमधलं काहीही तिथे मोकळं झालेलं नाही.

युरोपीय संघात १९६३ पूर्वी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांची मुदत संपली आहे. त्यानंतरच्यांना प्रकाशनापासून ७० वर्षं आहेत. म्हणूनच सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९६१ पर्यंतच्या एलपी युरोपात कोणीही स्वस्तात छापतं. बहुतेक वेळा टेप न पाहता, आधीच्या सीडीवरून उचलून. कायद्यात बसत असलं तरी आम्ही याला पुनर्प्रकाशन म्हणत नाही. वर रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, त्यामुळे रचनेचे पैसे तिथेही चुकत नाहीत.

युरोपातली एक तरतूद वादकांच्या बाजूची आहे आणि फार कमी जणांना माहीत असते. प्रकाशनानंतर ५० वर्षं उलटली आणि कंपनी ती रेकॉर्ड पुरेशा प्रतींत विकत नसेल, ऑनलाइनही ठेवत नसेल, तर वादक नोटीस देऊ शकतो. वर्षभरात कंपनी हलली नाही, तर त्याला करार मोडता येतो. १९७० च्या आसपास निघून धूळ खात पडलेल्या युरोपीय रेकॉर्डसाठी ही वाट आज खुली आहे. मात्र एका रेकॉर्डवर अनेक वादक असतील, तर तिथला वकील घेतल्याशिवाय या वाटेने जाऊ नका.

भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण आहे. पण इथे मोकळी झालेली रेकॉर्ड पुण्यात छापून न्यूयॉर्कच्या दुकानाला पाठवता येत नाही, आणि या संगीताचे गिऱ्हाईक प्रामुख्याने तिकडेच, शिवाय युरोप-जपानमध्ये. ज्या देशात विकायचं त्या देशाची तारीख धरा.

३. रचनेचे पैसे मिनिटांवर

आधी प्रकाशित झालेल्या रचनेसाठी अमेरिकेत सक्तीचा परवाना मिळतो. ठरलेला दर द्यायचा, प्रकाशक नाही म्हणू शकत नाही. २०२५ साली हा दर प्रत्येक प्रतीमागे १२.७ सेंट होता, किंवा रचना पाच मिनिटांहून लांब असल्यास मिनिटाला २.४५ सेंट. अर्धवट मिनिट पूर्ण धरलं जातं. दर दरवर्षी महागाईप्रमाणे बदलतो, म्हणून त्या वर्षाचा आकडा तपासून घ्या.

फ्री जॅझमध्ये अख्खी बाजू व्यापणारा तुकडा नेहमीचाच, त्यामुळे हा हिशेब आधीच करून ठेवा. पहिल्या बाजूला २० मिनिटं १० सेकंदांचा तुकडा असेल तर २१ मिनिटं धरायची: ५१.४५ सेंट. दुसऱ्या बाजूला १९ मिनिटं ४० सेकंद असेल तर २० मिनिटं: ४९ सेंट. प्रतीला एक डॉलर, पाचशे प्रतींना साधारण ५०२ डॉलर. नोटीस वितरणापूर्वी गेली पाहिजे. आणि टेप आजवर अप्रकाशित असेल, त्यावरची रचना कधीच बाजारात आली नसेल, तर सक्तीचा परवाना लागू होत नाही. रचनाकाराची थेट परवानगी घ्यावी लागते.

युरोपातले प्रेसिंग कारखाने बऱ्याचदा तिथल्या रचनाकार संस्थेची मंजुरी दाखवल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत. भारतात हे काम आयपीआरएसकडे आहे.

सामूहिक सुधारित वादनात एक गुंता हमखास असतो. वाजवलं पाच जणांनी, लेबलवर रचनाकार म्हणून नाव एकट्या प्रमुखाचं. ते पन्नास वर्षांपूर्वी तसंच नोंदवलं गेलं आणि पैसे तसेच गेले. पुनर्प्रकाशनाच्या वेळी हयात वादकांना एकत्र विचारा, वाटणी लिहून घ्या आणि त्यांना ती संस्थेकडे दुरुस्त करून घ्यायला सांगा. ही दुरुस्ती तुम्ही परस्पर करू नका.

४. करारात काय हवं

मुदत पाच ते सात वर्षं. प्रदेश कोणता, एलपी, सीडी, डिजिटल यांपैकी काय काय, किती प्रती. डिजिटल वेगळ्या कलमात, कारण वादक ते बऱ्याचदा स्वतःकडे ठेवतात, आणि ठेवू द्यावं. चित्रपट-जाहिरातीतला वापर तुमच्या परवान्यात नको. मुदत संपल्यावर उरलेला माल विकायला सहा महिने. हिशेब वर्षातून दोनदा. खर्च वसूल झाल्यावर नफा निम्मा-निम्मा ही लहान लेबलांत रुळलेली पद्धत आहे, पण ‘खर्च’ या शब्दात काय येतं ते कलमातच मोजून लिहा, नाहीतर नफा कधी दिसतच नाही. आगाऊ रक्कम थोडी का असेना, द्या. या संगीताच्या वादकांनी आयुष्यभर ‘नंतर देतो’ ऐकलेलं असतं.

आणखी दोन कलमं आग्रहाने घाला. टेपवरून केलेल्या डिजिटल फाइलींची पूर्ण प्रत वादकाला विनामूल्य मिळेल. आणि कार्यक्रमात विकण्यासाठी त्याला उत्पादन खर्चात प्रती मिळतील.

भारतातून परदेशी वादकाला रॉयल्टी पाठवताना इथे टीडीएस कापावा लागतो. दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा सवलतीचा दर हवा, तर त्याच्या देशाचं कर-निवास प्रमाणपत्र आधी मागवा. ऐंशी वर्षांच्या वादकाला ऐनवेळी सरकारी कागद आणायला लावणं बरं नव्हे. हे काम सीएकडे पहिल्याच आठवड्यात द्या.

५. टेप: कोणती पिढी हाती आली आहे

एका रेकॉर्डच्या अनेक टेप असतात. स्टुडिओत चाललेली मूळ रिळं, त्यांतून जोडलेला मास्टर, त्याची सुरक्षा-प्रत आणि लॅकर, म्हणजे एलपीची खाच पहिल्यांदा जिच्यावर कोरतात ती तबकडी, कापण्यासाठी केलेली प्रत. या शेवटच्या प्रतीत खर्ज कमी केलेला असतो, आवाज दाबलेला असतो. खोक्यावर ‘मास्टर’ लिहिलेलं असलं तरी. शक्य तितकी आधीची पिढी शोधा, पण तुकड्यांचा क्रम आणि जोड कुठे होते हे समजण्यासाठी नंतरची प्रतही जवळ ठेवा.

मूळ टेप नाहीच, असंही होतं. न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथे १९७८ मध्ये लागलेल्या आगीत अटलांटिकची पुष्कळ अप्रकाशित टेप जळाली. पण अशा वेळी शोध संपत नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीचं ६ मार्च १९६३ चं सत्र २०१८ मध्ये निघालं ते कोल्ट्रेनने ऐकण्यासाठी घरी नेलेल्या मोनो प्रतीवरून; ती त्याच्या पहिल्या पत्नीच्या कुटुंबाकडे होती. त्याचंच १९६१ चं व्हिलेज गेट क्लबमधलं वादन न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात सापडलं. वादकाचं घर, ध्वनिमुद्रकाचं घर, ग्रंथालयाचा संग्रह, रेडिओ केंद्र, या क्रमाने विचारत जा.

कोणता टेक, म्हणजे एकाच रचनेचं कितव्या खेपेचं ध्वनिमुद्रण, तेही तपासा. कोल्ट्रेनच्या ‘असेन्शन’चे २८ जून १९६५ रोजी दोन टेक झाले. पहिल्या प्रतींत एक गेला, पण कोल्ट्रेनला दुसरा हवा होता म्हणून पुढच्या प्रतींत तो घातला, कव्हर तेच. फरक कळतो तो शेवटच्या पट्ट्यावर कोरलेल्या ‘एडिशन २’वरून. सॅटर्नच्या रेकॉर्डच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा: हाताने रंगवलेली कव्हरं, आत भलतीच बाजू, लेबलांची अदलाबदल. हाती आलेली टेप निदान तीन वेगवेगळ्या प्रतींशी कानाने जुळवून पाहा.

६. ट्रान्सफर: एकच संधी मिळेल असं धरा

ट्रान्सफर म्हणजे टेपवरचा आवाज डिजिटल फाइलीत उतरवणं. आधी टेपचा प्रकार ओळखा. रीळ दिव्यासमोर धरा. गठ्ठ्यातून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेट, साधारण पन्नास-साठच्या दशकांतली. दिसला नाही तर पॉलिस्टर. व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट कुजायला लागली आहे. ती आधी ट्रान्सफर करा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या, पाठीला काळा लेप असलेल्या टेपमध्ये चिकटपणाचा रोग असतो. ॲम्पेक्स ४०६ आणि ४५६, स्कॉच २२६ आणि २२७ ही नेहमीची नावं. चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ हवेतला ओलावा शोषून फुटतो, टेप मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते, किंचाळते आणि मागे तपकिरी राप सोडते. अशी टेप एकदाही चालवून पाहू नका. चालवली तर थर निघून येतो, आणि संगीत त्याच थरात असतं. उपाय भाजण्याचा: सुमारे ५४ अंश सेल्सियस, पाव इंची टेपला आठ तास किंवा अधिक, तापमान अचूक राखणाऱ्या पेटीत, मधूनमधून रीळ उलटवत. नंतर तितकाच वेळ थंड होऊ द्या. परिणाम काही आठवडे टिकतो, तेवढ्यात काम उरका. स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका, त्याचं तापमान वीस-वीस अंशांनी हेलकावतं. ॲसिटेट टेप कधीही भाजायची नाही. ती कायमची वाकडी होते.

जुन्या जोडांचा डिंक वाळलेला असतो; ते चालताना सुटतात. आधी हाताने सावकाश उलगडून प्रत्येक जोड नव्या पट्टीने बदला. फ्री जॅझच्या मास्टरवर असे जोड कमी असतात, एवढं एक सुख.

मशीन लावताना हे बघा:

- वेग: सेकंदाला १५ इंच किंवा साडेसात. १५ वर अडीच हजार फुटांचं रीळ ३३ मिनिटं चालतं, म्हणजे एका रिळावर एलपीची एकच बाजू असणं स्वाभाविक.
- हेड: मोनो टेप पूर्ण रुंदीची असेल तर पूर्ण रुंदीच्या हेडवरच वाजवा. दोन-ट्रॅक हेडवर गोंगाट वाढतो आणि दोन बाजूंमध्ये किंचित फरक पडून वरचे स्वर पुसट होतात.
- इक्वलायझेशन, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांच्या पातळीचं ठरलेलं प्रमाण: अमेरिकी टेप बहुधा एनएबी मानकाची, युरोपीय बहुधा आयईसी. चुकलं तर वरच्या टोकाला ३ डेसिबलच्या आसपास फरक पडतो आणि झांजा एकतर चिरतात नाहीतर विझतात.
- ॲझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन: सुरुवातीला चाचणीचे स्वर असतील तर १० किलोहर्ट्झवर जुळवा. नसतील तर दोन्ही बाजू एकत्र मोनो करून झांजा सर्वांत लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. प्रत्येक रिळाला नव्याने.
- खोक्यावर ‘डॉल्बी ए’ (गोंगाट कमी करण्याची पद्धत) लिहिलं असेल तर त्याच्या सुरुवातीच्या सुरावर पातळी जुळवून उकल करा. उकल न करता ट्रान्सफर केलेली टेप ‘जास्त तेजस्वी’ वाटून फसवते.
- फाइल: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, ब्रॉडकास्ट वेव्ह. मूळ ट्रान्सफरवर कोणतीही प्रक्रिया नको. तीन ठिकाणी ठेवा.

वेग बरोबर आहे का, हे कळणं या संगीतात अवघड. सुराची पट्टी धरून ठेवणारा पियानो कित्येकदा नसतोच, सॅक्सोफोन मुद्दाम सुरापासून सरकलेला, बास कुठे लावला होता कोणास ठाऊक. अशा वेळी विजेच्या घरघरीचा आधार घ्या. शांत जागी स्पेक्ट्रम पाहिला की अमेरिकी टेपवर ६० आणि युरोपीय टेपवर ५० हर्ट्झची बारीक रेघ दिसते. ती ६१.२ वर असेल तर टेप दोन टक्के जलद चालली आहे. मात्र ती घरघर तुमच्याच मशीनची नाही ना, हे रीळ न लावता आधी तपासा.

टेप मिळालीच नाही तर रेकॉर्डवरून ट्रान्सफर करावं लागतं. चांगल्या तीन-चार प्रती जमवा, ओल्या पद्धतीने धुऊन घ्या, दोन-तीन आकारांच्या सुया वापरून पाहा आणि प्रत्येक तुकड्यासाठी सर्वांत निरोगी खाच निवडा. मोनो रेकॉर्ड स्टीरिओ कार्ट्रिजने वाजवली की खाचेच्या दोन भिंती वेगळ्या मिळतात. कमी झिजलेली ठेवा, दुसरी टाका. आणि कव्हरवर स्पष्ट छापा: ट्रान्सफर रेकॉर्डवरून.

७. मास्टरिंग: हात आखडता

सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं, आणि तेही चांगल्या हेतूने. आवाज स्वच्छ करणारी सॉफ्टवेअर गाण्यांवर घडवलेली असतात. त्यांना फ्री जॅझमधला निम्मा आशय दोष वाटतो. खटके काढणारं यंत्र रीडवर मारलेली जीभ, ट्रंपेटचा फुटलेला सुरुवातीचा स्वर, घंटा-खुळखुळे यांना खटका समजून खातं. गोंगाट कमी करणारं यंत्र झांजेची सळसळ आणि सॅक्सोफोनमधला श्वास एकाच फटक्यात पुसतं. सततच्या झांजांखाली ते आवाजाला पाण्याखालून आल्यासारखं करतं.

चाचणी सोपी आहे. प्रक्रियेने जे काढलं तेवढंच वेगळं ऐका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण असतं. काढलेल्या भागात ताल, सूर किंवा श्वास ऐकू आला तर ती प्रक्रिया चुकली. खटके हाताने, एकेक करून काढा. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डला दोन-तीन दिवस लागतात, लागू द्या.

टेपवर मुळातच चढलेला फाट, म्हणजे जोरात वाजवताना मायक्रोफोन किंवा टेप भरून गेल्याचा आवाज, तसाच ठेवा. ब्रॉत्समान किंवा आल्बर्ट आयलर ‘सौम्य’ करून कोणाचंच भलं होत नाही. शिकागोच्या एएसीएम या संघटनेच्या वादकांच्या संगीतात शांतता हा वाद्यमेळाचाच भाग आहे. तिथे नॉइज गेट, म्हणजे हळू आवाज आपोआप बंद करणारं यंत्र, लावला की खोलीचा श्वास बंद पडतो आणि प्रत्येक स्वर पोकळीतून उगवल्यासारखा वाटतो. कंप्रेशन, म्हणजे जोराच्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणं, शक्यतो नकोच. हळू भाग ऐकू येत नाही अशी तक्रार येईल. ऐकणाऱ्याने आवाज वाढवावा.

स्टीरिओ मांडणीलाही हात लावू नका. कोलमनच्या डिसेंबर १९६० च्या दुहेरी चौकडीत एक चौकडी डाव्या आणि दुसरी उजव्या बाजूला आहे. हेडफोनवर विचित्र वाटतं म्हणून त्यांना मधे ओढलं तर त्या मांडणीचा हेतूच जातो.

८. एलपी की सीडी

पुनर्प्रकाशन म्हणजे एलपीच, असा सध्याचा समज आहे. सलग पन्नास मिनिटांच्या वादनाला सीडी सरळ-सरळ चांगली. ती दुहेरी चौकडी ३७ मिनिटं सलग वाजते; एलपीवर ती मधे तोडावी लागली होती.

एलपी करायची तर बाजूला १८ ते २० मिनिटं धरा. २२ च्या पुढे आवाज खाली आणावा लागतो आणि मग पृष्ठभागाचा खरखराट वर येतो. फ्री जॅझची खास अडचण अशी की तुकडा शेवटाकडे चढत जातो, आणि रेकॉर्डच्या आतल्या खाचांत नेमका तिथेच फाट सर्वाधिक असतो. तुकड्यांचा क्रम बदलायचा नसेल, आणि बदलू नयेच, तर बाजू छोटी ठेवून आतली जागा रिकामी सोडा. दोन बास दोन बाजूंना असतील तर कापणाऱ्याला आधी सांगा. दोन बाजूंना एकमेकांविरुद्ध हलणारा खर्ज सुईला खाचेतून उचलतो, म्हणून सुमारे १०० हर्ट्झखालचं मोनो करावं लागतं. किती खाली, ते त्याच्याशी बोलून ठरवा.

लॅकर कापल्यावर काही दिवसांतच त्यावर धातूचा मुलामा चढायला हवा. उशीर झाला की वरचे स्वर बोथट होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲपोलो कारखान्याला आग लागल्यापासून लॅकरचा पुरवठा मुख्यत्वे जपानच्या एमडीसीवर आला. तांब्याच्या पत्र्यावर थेट कापण्याचा पर्याय युरोपात उपलब्ध आहे, तोही उत्तम. १८० ग्रॅमने आवाज सुधारत नाही. १४० पुरे, टपालखर्चही वाचतो. ऑर्डर ते माल, तीन ते सहा महिने धरा.

टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासणीच्या प्रती, पाच ते दहा येतात. प्रत्येक प्रत पूर्ण ऐका, वेगवेगळ्या दोन टर्नटेबलांवर. खटका सगळ्या प्रतींत एकाच जागी असेल तर दोष लॅकर किंवा स्टँपरचा, म्हणजे रेकॉर्ड दाबायच्या धातूच्या साच्याचा. नव्याने करून घ्या. एकाच प्रतीत असेल तर तो प्रेसिंगचा, कारखान्याला कळवा आणि पुढे जा. टर्नटेबलचा सुई धरणारा हात डावी-उजवीकडे हेलकावत असेल तर भोक मध्यावर नाही. ‘फर्र’ असा फाटल्यासारखा आवाज ठरावीक पट्ट्यात येत असेल तर प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे: बाजू बरोबर आहेत का, तुकडे पूर्ण आहेत का. या संगीतात बाजूंची अदलाबदल कारखान्यात कोणाच्या लक्षात येणार नाही.

९. कव्हर आणि पुस्तिका

दोन-तीन चांगल्या प्रतींवरून ६०० डीपीआयने स्कॅन करा आणि छपाईचे ठिपके काढून टाका. नाहीतर नव्या छपाईत जाळीदार लाटा उमटतात. कडेने ३ मिलिमीटर जादा भाग ठेवा. फोटोग्राफरची परवानगी स्वतंत्र, मूळ मजकूर लिहिणाऱ्याची स्वतंत्र. पुस्तिकेत तारीख, स्टुडिओ, ध्वनिमुद्रक, कोणती टेप, कोणतं मशीन, कोणी ट्रान्सफर केलं, हे सगळं छापा. मूळ कव्हरवरची चूक दुरुस्त करायची तर कव्हर जसंच्या तसं ठेवून पुस्तिकेत करा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख असलेले आयएसआरसी क्रमांक भारतीय लेबलला आयएमआय या संगीत-उद्योग संघटनेकडून मिळतात, बारकोड जीएस१ इंडियाकडून.

१०. हिशेब आणि विक्री

उदाहरणादाखल पाचशे एलपींचे आकडे धरू, कर वगळून. प्रेसिंग आणि कव्हर ३,५०० युरो, ट्रान्सफर व मास्टरिंग ९००, आगाऊ रॉयल्टी १,०००, फोटो-मांडणी ६००, रचनेचे ५००. एकूण ६,५००, म्हणजे प्रतीला १३. वितरक दुकानाला १५ ला देतो आणि स्वतः ३० टक्के ठेवतो. तुमच्या हाती १०.५०. सगळ्या प्रती वितरकाला दिल्या तर प्रत्येक प्रतीवर तोटा आहे. थेट २५ ला विकली तर बँडकँप या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळाचे १० टक्के आणि पैसे पाठवण्याचं शुल्क जाऊन साडेएकवीसच्या आसपास उरतात. ३० प्रती वादक, समीक्षक आणि राखीव साठ्यासाठी. उरलेल्या ४७० पैकी १७० थेट आणि ३०० वितरकामार्फत गेल्या तर ६,८०५ युरो येतात. जेमतेम सुटका. थेट विक्री तीस टक्क्यांच्या खाली गेली की लेबल बुडायला लागतं, म्हणून आगाऊ नोंदणी टेस्ट प्रेसिंग मंजूर झाल्याच्या दिवशी उघडा. त्याआधी नको, प्रेसिंग पुन्हा करावं लागलं तर लोक तीन महिने ताटकळतात.

टपालाने पाठवताना रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर, आतल्या पाकिटात ठेवून पाठवा. आत ठेवली की धक्क्याने कव्हरची शिवण फाटते, आणि परत येणाऱ्या तक्रारींतली मोठी संख्या याचीच असते.

पहिली आवृत्ती संपली की स्टँपर कारखान्यातच असतो. एका स्टँपरवर साधारण हजार प्रती निघतात, त्यामुळे दुसरी आवृत्ती स्वस्त पडते. पण करारातली प्रतींची संख्या ओलांडत असाल तर आधी मालकाला कळवा आणि लेखी होकार घ्या. सहामाही हिशेब शून्याचा असला तरी पाठवा. मूळ टेप विमा उतरवून, शेवटचं टोक बाहेर ठेवून, सपाट न ठेवता उभी, ज्याची त्याला परत करा आणि पोचपावती फाइलमध्ये लावा.